चक्कीच्या पेल्याचं वजन

हा पेला भरलेला असताना टेबलावर ठेवताच येत नाही. बुडाशी जिथे बैठक असायला हवी तिथे चांदीची एक छोटी पवनचक्की बसवलेली आहे. पाती, शिडी, शिडीवर पाठीवर पोतं घेतलेला गडी, सगळं साग्रसंगीत. पेला उपडा घातला की चक्की वर सरळ उभी राहते आणि बघणाऱ्याला ती निव्वळ शोभेची वस्तू वाटते. वाइन ओतायची तर तो उलटा करून हातात धरायचा आणि रिकामा होईपर्यंत हातातच ठेवायचा. चक्कीच्या बाजूने एक बारीक नळी निघते. भरला पेला सांभाळत त्या नळीत जोरात फुंकर मारायची, पाती गरगरा फिरू लागतात, आणि ती थांबायच्या आत पेला संपवायचा. नाही संपला, तर चक्कीच्या मागच्या बाजूला आकड्यांची एक तबकडी आहे. तिचा काटा ज्या आकड्यावर थांबला असेल तितके पेले दंड म्हणून आणखी प्यायचे. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून नेदरलँड्समधले चांदीकार असे पेले घडवत आले. डच लोक त्याला मोलनबेकर म्हणतात.

डेल्फ्टला माझ्या शेजारी राहणाऱ्या आजींच्या घरात असा एक मोलनबेकर आहे. तोंडावर मी त्यांना इथल्या रीतीने नावानेच हाक मारते, पण लिहायला बसले की आजीच येतं. पेला त्यांच्या यजमानांच्या घराण्यातला. यजमान गेल्यावर मृत्युपत्र नीट करायचं ठरलं, तीन मुलांत वाटणी करायची म्हणून घरातल्या वस्तूंची यादी झाली, आणि विमा कंपनीने पेल्याचं लेखी मूल्यांकन मागितलं. आजींनी फोटो काढून एका मूल्यांकनकाराला पाठवले. त्याचं उत्तर तीन ओळींचं होतं: एकोणिसाव्या शतकातली नक्कल, बहुधा जर्मनीतली, किंमत चांदीच्या भावापेक्षा थोडी जास्त.

आजी दुखावल्या. किंमतीचं त्यांना फारसं काही नव्हतं, पण सासऱ्यांनी आयुष्यभर सांगितलेली गोष्ट खोटी ठरली होती. मी हुपरीची, वडील चांदीचे कारागीर, आणि मी स्वतः धातुशास्त्रात काम करते, एवढं त्यांना ठाऊक होतं. एका रविवारी त्यांनी पेला टॉवेलात गुंडाळून आणला आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला. अर्थात उपडा.

त्या मूल्यांकनकाराची बाजूही सांगायला हवी. त्याचा अंदाज हवेतला नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जुन्या वळणाच्या चांदीला युरोपभर प्रचंड मागणी होती आणि जर्मनीतल्या हानाऊ गावात तिचा मोठा धंदा चालत असे. तिथले कारखाने सोळाव्या-सतराव्या शतकाच्या धर्तीवर पेले, जहाजं, तबकं घडवायचे आणि त्यावर जुन्या शहरी ठशांसारखे दिसणारे ठसे मारायचे. मोलनबेकर तर त्यांच्या आवडीचा. त्यामुळे बाजारात चक्कीचा पेला आला की जाणकार आधी नक्कलच धरून चालतात. मला खटकलं ते एवढंच, की फोटोवरून चांदीचा निकाल द्यायचा! आमच्याकडे असा माणूस पेढीवर दुसऱ्या दिवशी बसला नसता.

पहिल्या रविवारी आम्ही फक्त भिंग लावून ठसे बघितले. पेल्याच्या काठाशी बाहेरून तीन जुने ठसे आहेत. एकात मुकुटाखाली एकाखाली एक तीन फुल्या, म्हणजे ॲमस्टरडॅम शहर. दुसऱ्यात एक अक्षर, जे ठसा कुठल्या वर्षीचा ते सांगतं. तिसऱ्यात एक चित्र, फार झिजलेलं, फांदी म्हणा किंवा पीस म्हणा. तो घडवणाऱ्याचा. त्या काळात बरेच चांदीकार आद्याक्षरांऐवजी चिन्हच वापरत, आणि त्यातल्या अनेक चिन्हांचे धनी कोण ते आज कुणालाही सांगता येत नाही. ॲमस्टरडॅममध्ये ही वर्षाक्षरांची पद्धत सोळाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीपासूनची आहे. वर्णमाला संपली की पुन्हा पहिल्यापासून, त्यामुळे नुसतं अक्षर बघून वर्ष निघत नाही. अक्षराचं वळण आणि भोवतीच्या चौकटीचा आकार पाहावा लागतो.

या तिघांपासून जरा दूर, एक इवलासा कुऱ्हाडीचा ठसा. हा डच सरकारचा. साधारण १८५० च्या दशकापासून १९२७ पर्यंत जुनी डच चांदी पुन्हा विक्रीला आली की तिच्यावर ही कुऱ्हाड मारत. म्हणजे मधल्या काळात कधीतरी हा पेला दुकानातून गेला होता. आजींच्या सासऱ्यांच्या गोष्टीत दुकान नव्हतं. तिच्यात पेला बापाकडून मुलाकडे असाच चालत आला होता.

संध्याकाळी मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला आणि पेला कॅमेऱ्यासमोर धरला. त्यांनी नळी पाहिली, चक्की पाहिली, हसले. "ह्यो तर फुंकणीचा खेळ हाय की गं." मी ठशांबद्दल सांगायला लागले तसं त्यांनी मधेच तोडलं. "ठसे काय, कुणीबी मारतंय. आदी वजन केलंस का?"

वजन केलंच नव्हतं. स्वयंपाकघरातला काटा काढला. २५१ ग्रॅम. बाबांनी मान हलवली आणि म्हणाले, "आता बघ, कुठं लिवलंय का ते."

हे त्यांना कुठून सुचलं ते त्यांनाच माहीत. आमच्याकडेही जुन्या भांड्यांच्या बुडाला टोच्याने वजन ओरखडलेलं असतं, त्यावरून असेल. टेबलावरचा दिवा बाजूला ठेवून मी पेला तिरका धरला. बुडाच्या सपाट कडेवर, चक्कीच्या पायथ्याला लागून, दोन गोष्टी दिसल्या. एक म्हणजे अर्ध्या पेराएवढी नागमोडी खरवड: करवतीच्या दातांसारखी खाली-वर जाणारी रेघ. गिल्डचा, म्हणजे चांदीकारांच्या संघाचा, परीक्षक तपासणीसाठी चांदी खरवडून घेई तेव्हा अशी रेघ उठत असे. त्याने तो चांदीचा कीस शिशाबरोबर छोट्या सच्छिद्र मुशीत तापवायची, शिसं आणि तांबं मूस पिऊन टाकते, उरलेल्या मण्याचं वजन करून टंच, म्हणजे चांदीची शुद्धता, काढायचा. दुसरी गोष्ट म्हणजे बारीक ओरखड्यांत लिहिलेले दोन आकडे, ७ आणि ५.

जुनं डच चांदीचं माप औंसाचं. एक औंस ३०.७६ ग्रॅम आणि एका औंसाचे २० एंगल्स. सात औंस पाच एंगल्स म्हणजे २२३ ग्रॅम. काटा मात्र २५१ दाखवत होता.

चांदीचं भांडं वापरात राहिलं की दर पिढीला थोडं हलकं होतं. घासून, पुसून, उजळून झिजतं. ते वाढत नाही. इथे अठ्ठावीस ग्रॅम, जवळजवळ एक औंस, कुठून तरी आत आले होते. आजी माझ्याकडे बघत होत्या, मी काट्याकडे, आणि बाबा पडद्यावरून म्हणत होते, "काय तरी जोडलंय बघ त्याला."

इथून पुढे सगळी चौकशी त्या अठ्ठावीस ग्रॅमची झाली.

आधी आम्ही स्खोनहोव्हनला गेलो. लेक नदीच्या काठचं हे छोटं गाव, चांदीचं गाव म्हणूनच ओळखलं जातं. तिथे चांदीचं संग्रहालय आहे, सोनार-चांदीकार तयार करणारी शाळा आहे, आणि गल्लीत अजूनही हातकामाची दुकानं आहेत. रस्त्यात मला हुपरीची फार आठवण आली, जरी इथे घराघरातून पैंजणांच्या कामाचा आवाज येत नाही. एका वयस्क चांदीकाराने पेला हातात घेतला, ठशांकडे बघितलंही नाही. बोट आत घालून भिंतीवरून फिरवलं. मग दिवा आत सोडून मला दाखवलं: आतल्या बाजूला गोल फिरत गेलेले ठोक्यांचे मंद, चपटे पैलू, आणि तळाच्या मध्यात कंपासच्या टोकाचं टिंब. सपाट पत्र्यावर टिंब मारायचं, त्याभोवती वर्तुळं आखायची, आणि ऐरणीवर वर्तुळावर्तुळाने ठोकत भिंत वर उचलायची. चांदी कडक झाली की तापवायची, थंड करायची, पुन्हा ठोकायची. यंत्रावर फिरवून दाबलेल्या पेल्याला आत सारख्या अंतराच्या बारीक रेघा पडतात. इथे त्या नव्हत्या.

मग त्याने पेला उलटा केला आणि चक्कीच्या पायथ्याकडे बोट केलं. डाक, म्हणजे सांधा जोडायला वितळवलेला धातू, दोन तऱ्हेची होती. चक्की ज्या डाकेवर बसली आहे ती चकचकीत आणि भरपूर, सढळ हाताने दिलेली. तिच्या बाहेर अर्धवट घासून काढलेली जुन्या डाकेची पट्टी होती, आणि तिचा आकार आताच्या पायथ्याशी जुळत नव्हता. जुना पायथा लहान होता. "इथे आधीही काहीतरी उभं होतं," तो म्हणाला. मला हे ऐकून फार बरं वाटलं, कारण साध्या पेल्याची बैठक कापून तिथे चक्की बसवण्याचे उद्योगही झालेले आहेत. हा पेला जन्मापासून बिनबैठकीचा होता आणि त्याला चक्कीच होती, फक्त ती लहान, हलकी.

शिडीच्या मागच्या बाजूला, भिंगाशिवाय दिसणारच नाही असा, तलवारीचा एक ठसा त्यानेच शोधला. १८१४ च्या कायद्यानंतर ८३३ टंचाच्या, म्हणजे हजारात ८३३ भाग चांदी असलेल्या, लहान डच कामांवर ही तलवार मारत आणि ती पद्धत १९०५ पर्यंत चालली. शिडीवरचा गडी पोतं घेऊन चढत होता तो एकोणिसाव्या शतकात.

खात्रीसाठी धातू तपासायचा होता. परवानगी काढून मी पेला आमच्या प्रयोगशाळेत नेला आणि हातातल्या क्ष-किरण यंत्राने जागोजागी वाचन घेतलं. यात चांदीला काही इजा होत नाही. किरण पडले की प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ऊर्जेचे किरण परत सोडतं आणि त्यावरून कुठलं किती ते कळतं. एक अडचण मात्र आहे, आणि ती हुपरीतल्या कुठल्याही पोराला समजेल. यंत्र फक्त वरचा पापुद्रा वाचतं. चांदी वारंवार तापवून तेजाबात उजळली की पृष्ठभागावरचं तांबं निघून जातं आणि वर शुद्ध चांदीचा थर राहतो. म्हणजे टंच खरा असेल त्यापेक्षा चढा दिसतो. म्हणून मी सर्वांत झिजलेल्या जागा निवडल्या, काठाची धार आणि पेल्याच्या अंगावरच्या लंबगोल चित्रांचा भाग.

पेल्याची चांदी त्र्याण्णव-चौऱ्याण्णव टक्के निघाली, जुन्या डच उच्च प्रतीच्या ९३४ च्या आसपास. पण मला हवी होती ती त्यातली घाण. अर्ध्या टक्क्याच्या आतबाहेर शिसं, त्याहून थोडं कमी सोनं, आणि बिस्मथची चाहूल. जुन्या काळी चांदी शिशाबरोबर वितळवून शुद्ध करत. त्या रीतीने तांबं-जस्त जातं, पण सोनं चांदीबरोबरच राहतं आणि थोडं शिसंही मागे उरतं. इतकं थोडं सोनं वेगळं काढणं कुणाला परवडत नसे. एकोणिसाव्या शतकात आधी तेजाबाने आणि मग विजेने चांदी शुद्ध होऊ लागली तेव्हा ते सोनं काढून घेणं फायद्याचं झालं, आणि नंतरची चांदी या बाबतीत कोरी झाली. चक्कीवर यंत्र धरलं तर चांदी चौऱ्याऐंशी टक्के, बाकी सगळं तांबं. सोनं नाही, शिसं जवळजवळ नाही.

पेल्याच्या काठावरच्या सोनेरी पट्टीत पारा सापडला. पाऱ्यात सोनं कालवून लावायचं, तापवून पारा उडवायचा, हा जुना मुलामा, आणि थोडा पारा कायमचा अडकून राहतो. चक्कीच्या छपराला जी सोनेरी झाक आहे तिच्यात पारा अजिबात नाही. ते विजेचं काम. विजेचा मुलामा धंद्यात आला तो १८४० च्या सुमारास.

बाबांना मी हे सगळं रीतसर वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मजुरी किती पडली असंल त्या येळेला?" त्याचं उत्तर माझ्याकडे होतं, निदान रीत तरी. डच चांदीकाराच्या बिलात धातूची किंमत वेगळी आणि घडाई वेगळी, घडाईही दर औंसावर ठरलेली. म्हणूनच वजन बुडाला ओरखडून ठेवायचं. बाबांना हे फार पटलं.

राहिलं ते ठशांचं वर्ष. त्यासाठी हेगला गेलो. रेल्वे स्टेशनला लागून राष्ट्रीय ग्रंथालय आहे आणि तिथेच डच कलेच्या इतिहासाची संस्था, तिचं वाचनालय कुणालाही खुलं. ठशांच्या जाडजूड सूच्या घेऊन आम्ही दोघी बसलो, आजी चष्म्यावर भिंग धरून. अक्षराचं वळण सतराव्या शतकाच्या सुरुवातीच्या चक्राशी जुळलं. १६१० च्या आगेमागे, असं म्हणायला हरकत नव्हती. घडवणाऱ्याचं चिन्ह सूचीत होतं, पण त्याच्यासमोर नाव नव्हतं.

१६१०! मलिक अंबर त्या सुमारास खडकी वसवत होता, आणि डचांची वेंगुर्ल्याची वखार उभी राहायला अजून पंचवीसेक वर्षं होती. मी आजींना वेंगुर्ल्याचं सांगितलं. त्यांना ती वखार माहीत नव्हती, पण आपल्या लोकांनी तिथून काय नेलं असेल याचा अंदाज त्यांनी लगेच बांधला आणि थोड्या ओशाळल्या.

त्या दिवसांतच एकदा ॲमस्टरडॅमला राइक्सम्यूझियममध्ये जाऊन आले, तुलनेसाठी. खरं सांगायचं तर तुलना लवकर उरकली आणि मी आदाम फान व्हियानेनच्या १६१४ च्या झारीसमोर बराच वेळ उभी राहिले. ॲमस्टरडॅमच्या चांदीकारांच्या गिल्डने ती त्याच्या दिवंगत भावाच्या, पाउलसच्या, स्मरणार्थ करवून घेतली. चांदीच्या एकाच पत्र्यातून ठोकून काढलेली, आणि दिसते अशी की कुणी मेण वितळवून ओतलंय. माझ्या लहानपणी बाबांच्या शेजारी बसून मी जितके ठोके ऐकले असतील, तितके या एका झारीत गेले असतील. त्याच संग्रहालयात बार्थोलोमेउस फान डर हेल्स्टचं १६४८ चं भलंमोठं चित्र आहे, स्पेनशी झालेल्या म्युन्स्टरच्या तहानिमित्त नगररक्षकांची मेजवानी. त्यात कप्तानाच्या हातात चांदीत मढवलेलं पिण्याचं शिंग दिसतं. या लोकांचं पिणं पंगतीतलं, सगळ्यांसमोरचं होतं. एकट्याने कोपऱ्यात बसून प्यायच्या या वस्तू नव्हेत. चक्कीच्या पेल्यातला दंडही दहाजणांनी हसल्याशिवाय दंड होत नाही.

आजींच्या पेल्यावरचं खोदकाम मात्र या थट्टेला फारसं जुमानत नाही. चामड्याच्या पट्ट्यांसारखी गुंतलेली वेलबुट्टी, फळांचे घोस, आणि त्यांच्यामधे तीन लंबगोलांत तीन बायका: एकीच्या हाती क्रूस, एकीपाशी जहाजाचा नांगर, एकीच्या कडेवर आणि पायाशी मुलं. श्रद्धा, आशा, करुणा. हेच त्रिकूट त्या काळात प्रोटेस्टंट चर्चमधल्या चांदीच्या पेल्यांवर सर्रास दिसतं, प्रार्थनेनंतर ज्यातून वाइन फिरवत त्या पेल्यांवर. खोदणाऱ्याकडे एकच नमुन्यांचा गठ्ठा असणार आणि गिऱ्हाईक चर्चचं आहे की दारूच्या मैफलीचं, याने त्याला फरक पडत नसणार. आशेचा नांगर आता जवळजवळ पुसला गेलाय. पेला धरताना अंगठा नेमका तिथे येतो.

हे सगळं कागद करून आम्ही दुसऱ्या मूल्यांकनकार बाईंकडे गेलो. त्यांनी पेला स्वतः तपासला, आमचे आकडे पाहिले, काही प्रश्न विचारले, आणि अहवाल दिला: पेला ॲमस्टरडॅमचा, सतराव्या शतकाच्या सुरुवातीचा, चक्की, नळी, शिडी आणि तबकडी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थांशातली डच दुरुस्ती, मूळ चक्कीच्या जागी. किंमत पहिल्या उत्तराच्या कितीतरी पट, आणि अखंड जुन्या पेल्याच्या मानाने बरीच कमी. चक्की का बदलावी लागली असेल, असं आजींनी विचारलं तेव्हा त्या हसल्या. भरल्या पोटी, भरल्या हाताने फुंकायची वस्तू आहे, पडणारच. पाती, शिडी, नळी, सगळं नाजूक, आणि पेला उपडा ठेवल्यावर पहिला धक्का चक्कीलाच. जुन्या मोलनबेकरांत पाती किंवा गडी नंतर बसवलेले असणं मुळीच नवलाचं नाही. जाताना त्यांनी बजावलं की चांदी उजळवायचं द्रावण वापरू नका, ठशांवर पॉलिश घासू नका, फार तर मऊ सुती कापड. मूळ ठसे आताच निम्मे राहिलेत.

आजींच्या मधल्या मुलाने एक सूचना केली: नवी चक्की काढून टाकली तर उरलेला पेला शुद्ध सतराव्या शतकातला होईल ना? मूल्यांकनकार बाईंनी काही म्हणायच्या आत आजी म्हणाल्या की मग तो पेला उभा कसा करणार आणि खेळणार कसा. सासऱ्यांच्या वाढदिवसाला त्याच चक्कीत फुंकर मारून त्यांच्यावर चार पेल्यांचा दंड बसला होता, लग्नाच्या आदल्या वर्षी. चक्की राहिली.

वाटणीचंही मिटलं. पेला कुणा एकाचा नाही, दरवर्षी एकाच्या घरी. विमा तेवढा अजून लटकलेला आहे. कंपनीच्या फॉर्ममध्ये निर्मितीच्या वर्षाला एकच चौकट आहे आणि तिच्यात चारच आकडे मावतात. आजींनी १६१० लिहून पुढे तिरकी रेघ मारली आणि बाहेर समासात १८८५ चा सुमार असं लिहिलं. फॉर्म परत आलाय.